परतीचा हुकूम आणि त्याचा फेरविचार

श्रोतेहो, आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी शंका काढली की, हा विषय वकिलांच्या बाररूममध्ये शोभला असता; वाशी-नेरूळच्या श्रोत्यांनी संध्याकाळचे फिरणे सोडून तो का ऐकावा? शंका रास्त आहे. परंतु सिडकोने १९७० नंतर खाडीच्या या काठावर जे शहर वसविले, त्यातल्या पहिल्या रहिवाशांची मुले शिकली, परदेशी गेली, तिकडे संसारास लागली आणि त्यांची मुले तिकडेच जन्मली. ज्याच्या नात्यागोत्यात असे एकही घर नाही असा मनुष्य या सभागृहात विरळाच असेल. आता तर उलव्याच्या बाजूला विमानतळही आला; ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. विमानतळ आला म्हणजे नातवंडे येण्याची वाट जवळची झाली. आणि एखाद्या घरात नवराबायकोचे बिनसले, तर मूल घेऊन निघून येण्याची वाटही तितकीच जवळची झाली.

अशा वेळी काय घडते? आई किंवा बाप मुलाला घेऊन इकडे येतो. मागे राहिलेला दुसरा तिकडच्या न्यायालयातून हुकूम मिळवितो आणि तो घेऊन आपल्या उच्च न्यायालयाचे दार ठोठावतो. न्यायालय दोन्ही बाजू ऐकून कधी कधी आज्ञा देते की, मुलाला होते तेथे परत पाठवा. हा झाला परतीचा हुकूम. प्रश्न असा की, एकदा दिलेला हा हुकूम कायमचा का? मूल आजारी पडले, परत पाठविण्याच्या अटी कोणी पाळल्या नाहीत, किंवा अपिले चालता चालता पाच वर्षे उलटून मूल येथेच मोठे झाले, तर ज्या न्यायालयाने हुकूम दिला त्याला तो मागे घेता येतो काय? आणि येत असेल तर, मूल पळविणाराने नुसता वेळ काढून जिंकावे, अशी वाट आपण मोकळी करीत नाही काय?

खटल्यांतील आईबापांची व मुलांची नावे आम्ही येथे घेणार नाही. कायद्याच्या पुस्तकांत ती छापलेली आहेत. परंतु ती मुले आज कर्तीसवरती झाली असतील, आणि आपल्या लहानपणाचा कज्जा व्याख्यानात ऐकावा अशी त्यांची इच्छा असेलच असे नाही. जुन्या काळच्या नावांची गोष्ट वेगळी.

त्या जुन्या काळापासूनच सुरुवात करू. १८३९ साली धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि डॉ. जॉन विल्सन यांच्या आश्रयास तो राहिला. नातलगांनी मुंबईच्या त्या वेळच्या सुप्रीम कोर्टाकडून हेबिअस कॉर्पसचा हुकूम आणविला. हेबिअस कॉर्पस, म्हणजे ज्याला कोणी अडकवून ठेवले असेल त्याला न्यायालयापुढे हजर करण्याची आज्ञा. आज आपण तिला बंदीप्रत्यक्षीकरण म्हणतो. मुलगा सोळाच्या घरातला होता. आपले बरेवाईट त्याला कळते असे कोर्टाने ठरविले, आणि तो स्वेच्छेने विल्सनसाहेबांकडे गेला. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, असाच दुसरा प्रसंग आला. नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट यांच्या मिशनमध्ये राहू लागला. बापाने कोर्टात धाव घेतली. या खेपेस मुलगा बारा वर्षांच्या आसपासचा होता. त्याचे मन मिशनमध्ये रमले होते. पण न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी अज्ञान मुलाचा ताबा बापाचा असे ठरवून त्याला बापाच्या हवाली केले.

कायद्याचे काम तेथे संपले, आणि खरी अडचण तेथूनच सुरू झाली. मुलगा घरी आला. पण मिशनमध्ये राहिलेला, तेथले अन्न खाल्लेला मुलगा घरात घ्यायचा कसा? बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देवविण्याची खटपट केली, तेव्हा सनातनी मंडळींनी मोठे काहूर उठविले आणि बाळशास्त्र्यांनाही बहिष्काराचा धाक घातला. म्हणजे कोर्टाने परतीचा हुकूम दिला, मुलगा परतलाही. परंतु ज्या घरी परतायचे ते घर हुकुमात गृहीत धरले होते तसे राहिले नव्हते. ही गोष्ट इतिहासकार बहुधा धर्मांतराच्या किंवा शुद्धीच्या प्रकरणात सांगतात. आम्हाला ती आजच्या विषयातलीच वाटते. मूल ज्या जागी परत पाठवायचे ती जागा अजून आहे की नाही, हे कोणी पाहायचे? पेरीसाहेबांच्या कोर्टापुढे तो प्रश्नच नव्हता. बापाचा हक्क सिद्ध झाला की काम झाले.

पुढच्या शंभर वर्षांत बापाच्या हक्काची ही कल्पना हळूहळू मागे हटली. १८९०च्या पालक व पाल्य अधिनियमाने मुलाचे हित पाहण्यास सांगितले, आणि मूल जाणते असेल तर त्याचा कल विचारात घेण्याची मुभा दिली. १९५६च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या तेराव्या कलमाने तर मुलाचे हित हाच सर्वश्रेष्ठ विचार असे स्पष्ट लिहिले. या बदलाचे आमच्या विषयाच्या दृष्टीने मोठे मर्म आहे. हक्क एकदा ठरला की ठरला; हित मात्र दरवर्षी निराळे असू शकते. म्हणूनच १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, मुलाच्या ताब्याचे हुकूम हे दगडावरची रेघ नव्हेत. परिस्थिती पालटली आणि मुलाच्या हितास ते जरूर असेल, तर ते बदलता येतात.

आता परदेशची प्रकरणे. १९८४ मध्ये सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्यापुढे एक खटला आला. मूल इंग्लंडात जन्मलेले. बापाने ते पंजाबात आणलेले. चंद्रचूडांनी विचारले, या कुटुंबाचा सर्वांत निकटचा संबंध कोणत्या भूमीशी आहे? तो इंग्लंडशी होता, आणि मूल आईकडे गेले. दोनच वर्षांनी पुण्याची गोष्ट घडली. अमेरिकेतील मिशिगन राज्यात घटस्फोट झालेला. मुलाचा ताबा तेथील न्यायालयाने आईला दिलेला. बापाला फक्त ठराविक भेटी. जानेवारी १९८६ मध्ये भेटीच्या निमित्ताने मुलाला घेतले ते बापाने थेट पुण्यास आणले. अमेरिकन आईने सरळ सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात निकाल झाला आणि आठ वर्षांचा मुलगा आईबरोबर परत गेला. आडमार्गाने मूल पळविणारास त्या कृत्याचा लाभ मिळू नये, हे इंग्लंडातील १९६६च्या एका निवाड्याचे तत्त्व न्यायालयाने तेथे उचलून धरले. सगळे प्रकरण दहा महिन्यांत मिटले. ही मुदत ध्यानात ठेवावी, कारण पुढच्या खटल्यात तिचीच उणीव आहे.

तो पुढचा खटला मुंबईचा, आणि आमच्या मते या विषयातील सर्वांत शिकण्यासारखा. पक्षकार मराठी माणसे. मुलगा १९८३ साली अमेरिकेत जन्मला. तो वर्षाचाही झाला नव्हता तेव्हा आई त्याला घेऊन भारतात आली. तिकडच्या न्यायालयाने बापाच्या बाजूने हुकूम दिले. मग मुंबईचे उच्च न्यायालय, दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय, तेथून मुंबईचे कुटुंब न्यायालय, पुन्हा उच्च न्यायालय, पुन्हा सर्वोच्च न्यायालय अशी यात्रा झाली. मुंबईच्या न्यायालयांनी बापाकडे ताबा दिला होता. नोव्हेंबर १९९७ मध्ये न्यायमूर्ती जगन्नाथ राव यांनी अखेरचा निकाल दिला आणि तो फिरविला. तोवर मुलगा चौदा वर्षांचा झाला होता. ज्या अमेरिकेत त्याला ‘परत’ पाठवायचे ती त्याने जाणतेपणी पाहिलीही नव्हती. तान्हेपणी आणलेल्या मुलाला मिसरूड फुटायच्या वयात परत पाठवा म्हणणे म्हणजे त्याला परत पाठविणे नव्हे. ते त्याला पहिल्यांदाच परदेशी धाडणे होय.

त्या निकालाने दोन वाटा वेगळ्या केल्या. मागे राहिलेल्या पालकाने तातडीने धाव घेतली असेल, तर न्यायालयाने फार खोलात न शिरता मुलाला परत पाठवावे. बाकीचे तिकडचे न्यायालय पाहील. वेळ निघून गेली असेल, तर परदेशी हुकूम हा अनेक विचारांपैकी एक विचार, आणि हिताची सांगोपांग चौकशी येथेच. कागदावर हे नीट दिसते. परंतु काळ कोणामुळे निघून गेला? पक्षकारांपेक्षा पुष्कळदा न्यायालयाच्या तारखांमुळेच. म्हणजे ज्या उशिरास न्यायालय स्वतः कारण, त्याच उशिराच्या बळावर ते म्हणते की आता परिस्थिती पालटली. यात मुलाचा दोष नाही, म्हणून त्याला शिक्षा नको हे बरोबरच. तथापि ज्या बापाने बारा वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या, त्याला हे कसे पटवून द्यावे ते आम्हाला अजून उमगलेले नाही.

जगाने या दुखण्यावर एक औषध काढले. २५ ऑक्टोबर १९८० रोजी हेग येथे एक करार झाला. करारातील एका देशातून दुसऱ्यात मूल बेकायदा नेले गेले तर ताबा कोणाचा याचा निवाडा न करता ते आधी परत पाठवावे, सहा आठवड्यांत निकाल लावण्याचा यत्न करावा. वर्ष उलटून मूल नव्या जागी रुजले असेल, किंवा परत पाठविण्यात त्याला गंभीर धोका असेल, तर नाकारावे. शंभरांहून अधिक देश त्यात सामील आहेत. भारत नाही.

का नाही, याचे एक कारण आमच्या भाषेतच आहे. करारात या कृत्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ अपहरण. आता, सासरी जाच झाला आणि बाई मुलाला कडेवर घेऊन माहेरी आली, तर आमच्या आजीने त्याला अपहरण म्हटले असते काय? ‘माहेरी आली’ एवढेच ती म्हणाली असती. सासर ठाण्यात आणि माहेर साताऱ्यात असेल तोवर या वाक्यात काही वावगे नाही. सासर टेक्ससमध्ये गेले की तीच बाई तिकडच्या कायद्यापुढे गुन्हेगार ठरते. परदेशात पैसा नाही, भाषा अपुरी, व्हिसा नवऱ्याच्या आधाराचा, आणि वरून मारहाण, अशा स्थितीत ती आणखी कोठे जाणार? विधी आयोगाने २००९ मध्ये करारात सामील व्हावे असे सुचविले. २०१६ मध्ये विधेयकाचा मसुदाही दिला. पुढे न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. अशा बायांचे काय, हा प्रश्न या सर्व चर्चेत पुन्हा पुन्हा आला, आणि आला ते योग्यच झाले. मात्र पुण्याचे प्रकरण विसरू नये. तेथे मूल पळविणारा बाप होता आणि मागे रडत राहिलेली आई होती. करारात नसण्याचा फायदा केवळ गांजलेल्या आयांनाच मिळतो असे मानणे भाबडेपणाचे आहे.

करार नाही म्हणून सर्व भार न्यायाधीशांच्या विवेकावर पडला, आणि विवेक माणसागणिक थोडा निराळा असणारच. २०१५ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या पीठाने परदेशी न्यायालयाने आधी दिलेल्या हुकुमाला मोठा मान दिला. २०१७च्या जुलैत न्यायमूर्ती अजय खानविलकर यांनी तीन न्यायाधीशांच्या पीठातर्फे तो दृष्टिकोन अमान्य केला. इंग्लंडहून आलेल्या एका आजारी मुलीला परत पाठविण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा हुकूम रद्द केला, आणि सांगितले की परदेशी हुकूम कितीही आधीचा असो, हिताच्या विचारापुढे तो गौण. तरीही २०१९ व २०२०च्या निकालांत मुले परत पाठविली गेलीच. यावरून कायदा डळमळीत आहे असे कोणी म्हणेल. आम्ही एवढेच म्हणू की, प्रत्येक प्रकरणात मूल निराळे होते.

आता फेरविचाराच्या दारांकडे वळू. घटनेच्या १३७व्या अनुच्छेदाने सर्वोच्च न्यायालयाला स्वतःच्या निकालाचे पुनर्विलोकन करता येते. पण ते दार अरुंद आहे. निकालात उघड चूक हवी, किंवा प्रयत्न करूनही आधी हाती न आलेला नवा पुरावा हवा. २००२ मध्ये न्यायालयाने त्याच्याही पुढचे एक दार, अगदी अपवादापुरते, उघडले; त्याला उपचारात्मक याचिका म्हणतात. फसवणुकीने मिळविलेला हुकूम मुळातच पोकळ, हे १९९३च्या निकालापासून पक्के आहे. याखेरीज १९७३चे ते तत्त्व आहेच. पण गंमत पाहा: ताब्याचा हुकूम पुढे बदलता यावा म्हणून मूल न्यायालयाच्या हाताच्या टप्प्यात असावे लागते. परतीच्या हुकुमाचा तर उद्देशच मुलाला त्या टप्प्याबाहेर पाठविणे हा! म्हणून हा एक असा हुकूम आहे की जो पाळला गेला की बदलण्याची शक्ती बहुधा संपते. फेरविचार करायचा तर तो विमान सुटण्यापूर्वी.

परदेशातही हे ओळखले गेले आहे. स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका मुलाला इस्रायलला पाठविण्याचा हुकूम दिला होता. मूल तेव्हा तेथेच राहिले, आणि २०१० मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने म्हटले की इतक्या काळानंतर तो बजावणे योग्य नव्हे. इंग्लंडातील न्यायालयांनी २०१८ व २०२० मध्ये स्वच्छ सांगितले की, परिस्थितीचा पायाच पालटला असेल तर परतीचा हुकूम देणारे न्यायालयच तो मागे घेऊ शकते. त्यासाठी नियमही केला गेला. पण पाया पालटला पाहिजे. भिंतीला तडा गेला एवढे पुरत नाही. मूल शाळेत रमले, त्याला नवे मित्र मिळाले, हे तर थोडे थांबले की नेहमीच घडते. तेवढ्यावर हुकूम फिरविला तर हुकूम न पाळणारालाच बक्षीस दिल्यासारखे होईल.

आपल्याकडे मात्र विमान सुटल्यानंतर हुकूम मागे घेण्याची पाळी आली, आणि ती हकीकत थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. आई दिल्लीची, बाप नैरोबीचा. मूल २००९ मध्ये दिल्लीत जन्मले, नैरोबीत रांगले. २०१२ मध्ये आई त्याला घेऊन दिल्लीस आली ती परत गेली नाही. कुटुंब न्यायालयाने २०१८ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०२० मध्ये बापाच्या बाजूने निकाल दिला. २८ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. न्यायमूर्ती उदय लळीत व इंदू मल्होत्रा एका बाजूला, न्यायमूर्ती हेमंत गुप्ता विरुद्ध मताचे. न्यायालय सावध होते. मूल नेण्यापूर्वी बापाने नैरोबीच्या न्यायालयातून असाच हुकूम करून आणावा, म्हणजे आईच्या भेटीगाठींच्या अटी तिकडेही बंधनकारक होतील, असे त्याने बजावले. आरशातल्या प्रतिमेप्रमाणे हा दुसरा हुकूम पहिल्याशी जुळता असावा, म्हणून वकील त्याला आरसा-हुकूम म्हणतात. शिवाय एक कोटी रुपये अनामत ठेवविली. कागद आले, पैसे भरले गेले, मूल गेले.

पुढे निघाले ते असे की आरशात काही दिसतच नव्हते. नैरोबीची नोंद फसवणुकीने दाखविली गेली आणि अटी पाळल्या गेल्या नाहीत, असे न्यायालयाला आढळले. ऑक्टोबर २०२१ मध्ये लळीत यांच्याच पीठाने आपले आधीचे हुकूम मागे घेतले, बापाकडील ताबा बेकायदा ठरविला आणि केंद्रीय अन्वेषण विभागाला तपासाचे व मुलाला परत आणण्याचे आदेश दिले. २०२२ मध्ये बापाला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवून कैदेची शिक्षा सुनावली. तेव्हा लळीत सरन्यायाधीश होते. स्वतःचा निकाल स्वतःच्या हातांनी खोडणे हे न्यायाधीशाला सोपे नसते. त्यांनी ते केले, आणि लपवाछपवी न करता कारणे देऊन केले, याचे आम्हाला कौतुक वाटते.

परंतु हुकूम मागे आला तेव्हा मूल नैरोबीत होते, आणि केनियाच्या भूमीवर दिल्लीच्या बेलिफाला कोणी ओळखत नाही. पेरीसाहेबांना मुलगा कोर्टाच्या आवारातच बापाच्या हाती देता आला होता. येथे न्यायालयाच्या हाती उरले ते कागद, अनामत रक्कम आणि समुद्रापलीकडच्या माणसाला सुनावलेली शिक्षा. २०२० च्या ऑक्टोबरात न्यायमूर्ती गुप्ता एकटे पडले होते. आज त्यांचे विरोधी मत वाचताना एक साधी गोष्ट मनात येते: तो आरसा-हुकूम पक्षकाराच्या हातून न घेता, भारतीय वकिलातीमार्फत थेट नैरोबीच्या न्यायालयाकडून पडताळून आणला असता, तर त्याला दोन-तीन आठवडे अधिक लागले असते. मूल तेव्हा दिल्लीत, आपल्या आजीच्या घरी, शाळेत जात होते.